जीपमध्ये न बसण्याचे दिवस

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून माझी चुलतभावंडं राहतात, आणि ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांची नातवंडं आता आमच्या पोरांबरोबर एका मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून कॉलेजला जातात. चांगलं आहे, मला ते बिघडवायचं नाही. एवढं सांगते की गाव सातपूरच्या कारखान्यांपासून दहाएक किलोमीटरवर, मधे कॅनॉल, आणि वारा पूर्वेकडून असला की पहिल्या पाळीचा भोंगा थेट आमच्या चुलीपाशी ऐकू यायचा. भोंगा झाला तेव्हा आईची तिसरी भाकरी तव्यावर नसली तर ती स्वतःलाच शिव्या घालायची. गावाच्या उताराला आमची वस्ती. तिला राजवाडा म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं आणि ठेवताना तो किती हसला असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

सातपूरला जायचं तर काळी-पिवळी जीप. एसटी होती, पण ती दुपारी यायची. कारखान्यातल्या माणसाला दुपारची गाडी काय कामाची? जीपा तीन, तिन्ही गावातल्या एकाच बड्या घरच्या, आणि त्या घरचा धाकटा रंगा त्यातली एक स्वतः चालवायचा. जीपमध्ये कुठं बसायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पुढं रंगाजवळ सरपंच, गुरुजी, कोणाचा पाहुणा. मधल्या सीटवर गावातली माणसं. आणि मागच्या दोन आडव्या बाकड्यांवर, दुधाच्या कॅन आणि भाजीच्या पाट्यांबरोबर, आम्ही. मधली सीट रिकामी असली तरी आम्ही मागं. मागं जागा नसली तर आमचे पुरुष फळीवर उभे राहून लोंबकळायचे आणि मधली सीट तशीच रिकामी सातपूरपर्यंत जायची. मी अठरा वर्षांची होईपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना माझीच मला चीड येते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये बफिंगवर होते. नळाच्या तोट्या चकाचक करायच्या आणि ती सगळी धूळ छातीत साठवायची. त्यांना टीबी झाला. औषधं घेतली, बरं वाटलं म्हणून सोडली, आणि वर्षभरात तो परत आला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, ‘‘आता एक दिवसाआड सुई. एकही चुकवायची नाही. या वेळी सोडलं तर माझ्याकडं पुढचं औषध नाही.’’ आईनं ते वाक्य घरी येऊन तीनदा म्हणून दाखवलं, म्हणजे आम्हाला पाठ व्हावं. ती रोज एक अंडं उकडायची, आणि आण्णा ते अर्धं मला द्यायला बघायचे म्हणून ते संपेपर्यंत समोरून हलायची नाही. रात्रभर त्यांचा खोकला चालायचा. मधेच तो थांबला की आम्ही दोघी अंथरुणात डोळे उघडून पडायचो.

मागच्या बाकड्यावर डिझेलचा धूर आणि रस्त्याची सगळी धूळ आत यायची. एका सकाळी सुईसाठी सातपूरच्या दवाखान्यात निघालो तेव्हा आण्णा मधल्या सीटवर जाऊन बसले. मी बरोबर होते. सीट पूर्ण रिकामी होती. रंगानं आरशात बघितलं आणि गाडी सुरू केली. कॅनॉलच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, मधलं दार उघडलं आणि म्हणाला, ‘‘शंकऱ्या, उतर.’’ आण्णा त्याच्या बापाच्या वयाचे. ते म्हणाले, ‘‘रंगाशेठ, मागं श्वास लागत नाय हो.’’ रंगा म्हणाला, ‘‘तुझा रोग तुझ्या लोकात ठेव. उतर.’’ मग मागच्या आमच्या लोकांना कोणता रोग होता, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. आम्ही उतरलो. जीप गेली. आण्णा पुलाच्या कठड्यावर बसून खोकत राहिले आणि त्या दिवशीची सुई चुकली.

संध्याकाळी समाजमंदिरात सगळा राजवाडा जमला. सीताराममामा, माझ्या आईचे थोरले भाऊ, एका मोठ्या कंपनीत कायम कामगार होते आणि तिथल्या युनियनमध्ये होते, त्यामुळे सभा कशी चालवायची हे त्यांना ठाऊक. ते म्हणाले, ‘‘भांडण नाय करायचं. हात नाय उचलायचा. फक्त बसायचं नाय. जो आधी येईल तो पायजे त्या सीटवर बसेल असं त्यांनी सांगेपर्यंत राजवाड्याचं एकबी माणूस जीपमधी बसणार नाय.’’ कोणीतरी विचारलं, मग जायचं कसं? मामा म्हणाले, ‘‘पाय तर कोणी काढून नेले नाय ना?’’ सगळे हसले. आण्णा कोपऱ्यात होते. ते हसले नाहीत. बहिष्कार त्यांच्यामुळं सुरू होत होता, आणि दहा किलोमीटर चालणं सगळ्यांत आधी त्यांनाच जमणार नव्हतं.

पण लोकांनी काय जुळवाजुळव केली म्हणता! वस्तीत पंधरा-वीस सायकली होत्या. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं पहिल्या पाळीवाल्याची सायकल सातपूरला पोचली की कोणीतरी ती परत आणायची आणि तीच आठला निघणाऱ्या माणसाला घेऊन पुन्हा निघायची. एकेक सायकल दिवसात तीन फेऱ्या मारायची. धुणीभांड्याला जाणाऱ्या बाया पाच-पाचच्या टोळीनं कॅनॉलकडेनं चालत जायच्या. वीटभट्टीचा ट्रॅक्टर रिकामा परतताना त्यांना घ्यायचा. आणि युसूफभाई. ते मालेगावचे, मागावरचं कोरं कापड टेम्पोत भरून सातपूरला पोचवायचे आणि गाठोडी उतरवली की आमच्या रस्त्यानं पुढच्या गावात दुसऱ्या भाड्याला जायचे. मामांची त्यांची कंपनीच्या गेटवरची ओळख. ते म्हणाले, ‘‘टेम्पो तो वैसे भी खाली जाता है. बैठो ना, त्यात काय विचारायचं?’’ म्हाताऱ्यांना ते पुढं आपल्या शेजारी बसवायचे. आमच्या गंगूआजीनं आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या काचेतून रस्ता बघितला आणि घरी येऊन म्हणाली, ‘‘लय मोठा हाय गं रस्ता!’’

मी त्या वर्षी घरी होते. डीएडला नंबर लागला नव्हता. मामांनी मला सायकल शिकवली. दोन्ही ढोपरं सोलवटली, पण चार दिवसांत आण्णांना कॅरियरवर बसवून मी कॅनॉलच्या रस्त्यानं निघाले. सहाच्या आत निघायचं, दवाखाना नऊला उघडायचा, तोवर आण्णा तिथल्या बाकावर बसायचे. मी त्यांना सोडून लगेच रिकामी परत यायची, आठच्या माणसासाठी. आण्णा दुपारी युसूफभाईंबरोबर यायचे. कॅरियरवर ते इतके हलके लागायचे की मी अधूनमधून हाक मारायची, ‘‘आण्णा, आहात ना?’’ ते म्हणायचे, ‘‘पडलो असतो तर वरडलो असतो.’’

आता त्या फळ्याचं सांगते. हे सगळं लक्षात कोणी ठेवायचं? कंपनीत पाळ्यांचा तक्ता नोटीसबोर्डावर लागतो, तसा आपणही लावू, असं मामा म्हणाले. कारखान्यातल्या माणसाला तक्ता म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. तक्ता लागला की काम अर्धं झालं, अशी त्यांची श्रद्धा. समाजमंदिराच्या ओसरीवर रात्रशाळेचा जुना फळा होता. त्यावर रकाने आखून मी लिहायची: वार, वेळ, सायकल कोणाची, कोणाला घेऊन, कोणत्या रस्त्यानं. शेवटचा रकाना ‘रिकामी परत’, म्हणजे कोणाला सातपूरहून यायचं असेल तर वाटेत ती सायकल गाठता यावी. माझं अक्षर देखणं. आयुष्यभर मी शाळेत फळ्यावर लिहिलं, पण तसा सुबक फळा पुन्हा नाही जमला. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. दूधवाला वाचायचा, भंगारवाला वाचायचा. मला त्याचा कोण अभिमान!

जीपा अर्ध्या रिकाम्या जायला लागल्या आणि हवा बदलली. आधी गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. आठ दिवस पट्टा तुटलेलाच, पण गावातल्यांचं दळण होत होतं. आई जात्यावर बसली. मग कॅनॉलच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या पडायला लागल्या, काटे वर करून, नेमक्या वळणावर. मग एका सकाळी मी रिकामी परत येत असताना मागं जीप आली. मी कडेला झाले. ती पुढं गेली नाही. हॉर्न वाजवला असता तर बरं वाटलं असतं. नुसता इंजिनाचा आवाज, माझ्या वेगानं, पाच-सात हातांवर. एका बाजूला कॅनॉल, तुडुंब भरलेला, दुसऱ्या बाजूला बाभळी. मी मागं बघितलं नाही. पुलापर्यंत ती तशीच आली आणि मग वळून गेली. मी घरी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आईनं सायकल बंद केली असती. तिसऱ्यांदा जीप आली तेव्हा पुढच्या सीटवर रंगाबरोबर आणखी दोघं होते, आणि त्यातला एक काहीतरी गुणगुणत होता. रडायचं ते पूल ओलांडल्यावर, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात एकदा आण्णा दुपारी टेम्पोतून उतरले ते घरात न येता थेट ओसरीवर आले. मी फळा लिहीत होते. ते बराच वेळ वाचत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘शालू, हे पूस.’’

‘‘का?’’

‘‘पूस म्हणतो ना. तोंडी सांगत जा ज्याचं त्याला.’’

‘‘पन्नास माणसांना तोंडी? आण्णा, भ्यालात का तुम्ही?’’

‘‘हो,’’ ते म्हणाले, ‘‘भ्यालो.’’

माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यासाठी सगळा राजवाडा पाय झिजवतोय तो माणूस सरळ म्हणतो भ्यालो! मी म्हणाले, भ्यालेल्यांनी घरात बसावं, फळा राहील. आणि खडू उचलून पुढची ओळ लिहायला लागले. ते गेले. पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला होता, एवढं मला दिसलं.

पुढच्या सुईच्या सकाळी ते म्हणाले, ‘‘आज मला नेऊ नकोस. उशिरा जाईन, माझं मी.’’ मला वाटलं, दुसऱ्या कोणाच्या सायकलवर जाणार असतील. साडेआठच्या सुमाराला हॉर्न ऐकू आला. एकसारखा, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा. राजवाड्यातली बायापोरं दारात आली. रंगाची जीप आमच्या वस्तीसमोरून माणसाच्या चालीनं चालली होती. मधली सीट रिकामी. मागचं दार मुद्दाम उघडं टाकलेलं. आणि मागच्या बाकड्यावर एकटे आण्णा, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. पुढं बसलेला एकजण बाहेर डोकं काढून ओरडला, ‘‘बघा रं, तुमचा पुढारी!’’ जीप वस्तीच्या टोकापर्यंत गेली, वळली, पुन्हा आमच्या समोरून गेली आणि मग सातपूरला लागली. आई दारातून आत गेली आणि जात्यावर बसली. जात्यात दाणे नव्हते. ती नुसतंच फिरवत होती.

संध्याकाळी सभा झाली. मामा आण्णांना वाचवायला बघत होते. म्हणाले, आजारी माणूस आहे, एखाद्या वेळी होतं. तेव्हा मी उठले. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. माझ्या जिभेला तेव्हा हाडच नव्हतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘आण्णा, कुठं बसलात आज?’’

ते म्हणाले, ‘‘मागं.’’

‘‘कोणी बांधून बसवलं का?’’

‘‘नाय. माझा मी बसलो.’’

‘‘मग उद्यापासून राजवाड्याची एकही सायकल यांच्यासाठी नाही,’’ मी म्हणाले. ‘‘माझी तर नाहीच.’’ कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. माझे कान गरम झाले होते आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. आण्णा उठले, चपला शोधल्या आणि घरी गेले.

त्यानंतर प्रत्येक सुईला ते जीपनं गेले. मागच्या बाकड्यावर, एकटे. बहिष्कार काही मोडला नाही, उलट लोक इरेला पेटले. घरात मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ताट पुढं सरकवायची आणि उठायची. आईही कमीच बोलायची. शेजारणी त्यांना बघून पदर तोंडाला लावायच्या, खोकल्यामुळं नव्हे. आणि एक गंमत झाली. गंमत कसली, पण तेव्हा मला तसंच वाटलं. मी आता दुसऱ्या कोणाला तरी सोडायला जायची, पण कॅनॉलच्या रस्त्यावर माझ्यामागं जीप येणं बंद झालं. बाभळीच्या फांद्या पडणंही थांबलं. मी मैत्रिणींना सांगत सुटले, ‘‘घाबरले मला. सभेत बोलले ना, ते पोचलं त्यांच्यापर्यंत.’’

अखेर सकाळ-संध्याकाळची एसटी सुरू झाली आणि जीपवाल्यांची रग जिरली. रंगाचा थोरला भाऊ समाजमंदिरात येऊन म्हणाला, ‘‘या बसायला, कुठंबी बसा.’’ आम्ही जिंकलो. गुलाल उधळला. पुलावरची ती एक सोडली तर आण्णांच्या सुया एकही न चुकता पूर्ण झाल्या, थुंकी साफ निघाली आणि ते जगले, पुढं बरीच वर्षं. पण राजवाड्यात त्यांचं नाव गेलं ते गेलंच. सभेला गेले की ते सगळ्यांत मागं, दाराजवळ बसायचे. मी मात्र दर वर्षी त्या दिवसाच्या कार्यक्रमात स्टेजवर. हार, नारळ, भाषण.

चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी आणि मामा पत्रिका द्यायला मालेगावला युसूफभाईंकडं गेलो. त्यांनी चहा दिला, पत्रिका डोळ्यांना लावली आणि मामा बाहेर पान खायला गेल्यावर म्हणाले, ‘‘बेटी, शंकरभाईंनी मला कसम घातली होती. पण आता तू सासरी चाललीस, म्हणून सांगतो.’’ मग त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात आण्णा टेम्पोत त्यांच्या शेजारी बसले होते. पुलावर रंगानं जीप आडवी घातली. खाली उतरून खिडकीशी आला, अगदी हसत, आणि त्यानं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं: ‘‘गुरुवार. शालू. कॅनॉलचा रस्ता. सातला रिकामी परत. फळ्यावर तुझ्याच पोरीनं लिहिलंय, शंकऱ्या. अक्षर झकास हाय.’’ मग म्हणाला, कॅनॉलला पाणी लय आलंय, पोरीबाळींना जपावं. तुला पोरगी हवी असली तर परवा माझ्या गाडीत मागं बसायचं, सगळ्या राजवाड्यानं बघितलं पाहिजे. पुढंही बसत राहायचं. बसशील तोवर तिच्या केसाला धक्का नाही. युसूफभाई म्हणाले, ‘‘मी बोललो, चला, पोलिसात जाऊ. तर शंकरभाई बोलले, पोलीस येईपर्यंत गुरुवार येईल.’’

घरी आले तेव्हा आण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी त्यांच्यासमोर मटकन बसले आणि विचारलं, ‘‘मला का नाही सांगितलंत?’’ त्यांना लगेच कळलं. हातातली शेंग फोडली. मग म्हणाले, ‘‘तुला सांगितलं असतं तर तू मुद्दाम गेली असतीस. मामाला सांगितलं असतं तर पोरांनी जीप जाळली असती. मग पोलिसांनी कोणाला उचललं असतं, सांग बरं?’’ मी म्हणाले, मी आत्ता जाते, समाजमंदिरात सगळ्यांना ओरडून सांगते. तर त्यांनी माझा हात धरला. ‘‘नाय. रंगा आता सगळ्यांना बसवतो. उकरून काढशील तर पोरं आजबी पेटतील. माझं काय जायचं ते गेलं. राहू दे.’’

मी राहू दिलं. त्यांनी सांगितलं म्हणून राहू दिलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. पण खरं कारण त्यांच्या शब्दापुरतं नव्हतं, आणि ते आज या वयात लिहायलाच हवं. पुढच्या वर्षी मी माहेरी आले तेव्हा कार्यक्रमाचं बोलावणं आलंच. मी गेले. मला हार घातला. मी स्टेजवर उभी राहिले, माईक हातात घेतला आणि समोर बघितलं. शेवटच्या रांगेत, दाराला टेकून, आण्णा. मी नाव न घेता, रंगाचा उल्लेख न करता, एवढंच म्हणू शकले असते की माझे वडील भित्रे नव्हते. तीन-चार शब्दांचं काम. त्यानं कोणाची जीप जळली नसती. मी ते म्हणाले नाही. कॅनॉल, काटे, मागं येणारी जीप आणि न घाबरलेली अठरा वर्षांची मुलगी, हे नेहमीचं भाषण मी केलं, आणि नेहमीच्या जागी टाळ्या आल्या.

घरी आल्यावर आण्णांनी टोपी खुंटीला लावली, घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, ‘‘चांगलं बोललीस. पार मागपर्यंत ऐकू येत होतं.’’

मी ‘हो’ म्हणाले.